बिअरला एकवीस, बाकीला पंचवीस

आमच्या जिल्ह्यात दारू विकायला बंदी आहे आणि मी दारूच्या दुकानात नोकरी करतो. यात ज्याला गंमत वाटेल त्याने हसून घ्यावं, मला आता हसूही येत नाही. वर्धा जिल्हा आश्रमांचा, म्हणून इथली बंदी फार जुनी. पण वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि पुलाच्या पलीकडे गेल्यावर पहिली पाटी दिसते ती आमच्या दुकानाची. माझं गाव अलीकडे, पुलगावच्या बाजूला. सकाळी गाडी काढायची, पूल ओलांडायचा, संध्याकाळी तोच पूल ओलांडून परत यायचं. तेच खड्डे, तीच समोरून येणारी तोंडं. काही तोंडं अशी की दुपारी दुकानाच्या जाळीतून हात पुढे करतात आणि संध्याकाळी गावात दिसली की ओळख देत नाहीत.

मी आधी कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. जिनिंग बंद पडलं तेव्हा माझं वय मोठं अडचणीचं होतं. नव्या नोकरीसाठी म्हातारा आणि घरी बसण्यासाठी तरुण. दुकानाच्या मालकाला हिशेब जमणारा आणि न पिणारा माणूस हवा होता. पहिल्या अटीत बसणारे बरेच होते, दुसऱ्या अटीने सगळे गळाले. मी उरलो. इतक्या वर्षांत तिथल्या एकाही बाटलीची चव मला माहीत नाही. बाटलीवरचा दर मात्र झोपेतही सांगेन.

आमच्या घरी या नोकरीला दुकान म्हणत नाहीत, 'पलीकडे' म्हणतात. "हे पलीकडे गेले," असं बायको आल्यागेल्याला सांगते. ती स्वतः गावातल्या दारूबंदीच्या महिला मंडळात आहे. "तुमी तिकडं विका, आमी इकडं पकडतो," असं ती मला चारचौघींत ऐकवते आणि बायका तोंडाला पदर लावून हसतात. संध्याकाळी मी आलो की अंगणात बादली भरून ठेवलेली असते. शर्ट तिथेच काढायचा, हातपाय धुवायचे, मग आत. माझ्या शर्टाला दारूचा नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास येतो, हे तिला मी कितीदा सांगितलं. ती म्हणते, खोक्यात काय असते मग?

दुकानाच्या भिंतीवर एक पाटी आहे. बिअरला एकवीस वर्षं पूर्ण, बाकीला पंचवीस. ती पाटी आजवर कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. मालकालाही ती अगरबत्तीच्या धुराने काळी पडली तरी चालायचं. मग एकदा उत्पादन शुल्क खात्याचा साहेब आला, जाळीसमोरच्या गर्दीतली दोन पोरं बाजूला घेऊन त्यांचं वय विचारलं, आणि मालकाचा चेहरा पडला. साहेब गेल्यावर मालक मला म्हणाला, "आजपासून ज्याची मिशी नीट दिसत नाई, त्याले कार्ड मागायचं. आताच सांगून राह्यलो, मंग म्हणू नका."

तेव्हापासून मी कार्ड मागतो. काम सोपं वाटतं, पण माणसाचा सगळा खोटेपणा या एका प्रश्नाने बाहेर येतो. वय विचारलं की टक्कल पडलेले गृहस्थ खूश होतात, कार्ड काढून दाखवतात आणि सोबतच्यालाही दाखवायला लावतात. पोरं मात्र खिसे चाचपत राहतात. कोणी मोबाइलवरचा फोटो दाखवतो, त्यात वर्षाच्या आकड्यावर नेमकं बोट ठेवलेलं. कोणी थोरल्या भावाचं कार्ड आणतो. एकाने चक्क वडिलांचं आणलं होतं. म्हटलं, "बाप्पा, तुह्या तब्येतीचं गुपित काय, मलेही सांग." तो आधी चिडला, मग हसला आणि कार्ड घेऊन निघून गेला.

निघून गेला म्हणजे कुठे गेला, हेही मला माहीत असतं. पूल ओलांडून परत आमच्याच जिल्ह्यात. तिथे बंदी आहे, म्हणजे दुकान नाही. दुकान नाही म्हणून पाटी नाही, आणि पाटी नाही म्हणून वय विचारणाराही कोणी नाही. फोन केला की गाडीवरून पिशवी घरपोच येते. दहावीतल्या पोरानेही फोन केला तर येते. आणि त्या पिशवीतला माल येतो कुठून? आमच्याच दुकानातून. एक माणूस दर आठवड्याला येतो, वय चाळिशीच्या पुढे, कार्ड स्वच्छ, पिण्याच्या परवान्याचा कागद स्वच्छ. तो पेटीच्या पेटी उचलतो. एवढ्या पेट्या तो एकटा पीत नाही हे मला कळतं, मालकाला कळतं, आणि साहेबाला कळत नसेल असं मला वाटत नाही. पण मला विचारायचं आहे ते फक्त वय, आणि त्याचं वय बरोबर असतं. माझ्या बायकोचं मंडळ त्याची पिशवी पकडतं, पंचनामा होतो, आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा माझ्यासमोर उभा. आम्हा नवराबायकोत हा माणूस असा फेऱ्या मारत असतो. सुरुवातीला मला याचा संताप यायचा. आता कंटाळा येतो, आणि कंटाळा आला याचं वाईट वाटतं.

आमच्या भिंतीला लागून एक घर आहे. तिथे एक बाई आणि तिचा एकुलता एक मुलगा राहतात. बाई अंगणवाडीत आहे. तिचा नवरा दारूने गेला. तो घरात पीत नसे, कोणाच्या तरी मळ्यात, कोणाच्या तरी गोठ्यामागे लपून प्यायचा आणि रात्री भिंत धरत घरी यायचा. शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, सावंगीच्या दवाखान्यात नेलं, पण उशीर झालेला होता. मुलगा तेव्हा शाळेत होता. त्या दिवसांत माझ्या बायकोने त्यांच्याकडे दोन्ही वेळचा डबा नेला. मी मात्र त्यांच्या ओसरीत जाऊन बसू शकलो नाही. मी कुठे काम करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी काही म्हणालं नाही, पण मलाच तिथे बसवेना.

मुलगा कॉलेजात जायला लागला त्या वर्षी माझ्या सुट्टीच्या दिवशी ती भिंतीपाशी आली. बायको आत होती. "भाऊ," ती म्हणाली, "एक काम आहे तुमच्याजवळ. माह्या पोराले तुमच्या हातानं देऊ नका. दुसरं काई मागत नाई."

मी लगेच म्हणालो, "वहिनी, मी तिथं बसलो आहे तोवर त्याच्या हातात पडणार नाई. बिनघोर राहा."

किती सहज म्हणालो! कायदा माझ्या बाजूने होता, पोरगं अठराचं होतं, मला काही करायचंच नव्हतं. कायदा कधीपर्यंत माझ्या बाजूने आहे, हे मी तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिच्या लेखी मी नाही म्हणायचं ठरवलं होतं, विषय संपला होता.

तो पहिल्यांदा आला तो मित्रांच्या घोळक्यात. मला पाहून मित्र मागे सरकले, हा पुढे आला. "काका, एक थंडी बिअर द्या ना."

"वय किती तुहं?"

"तुमाले माईत नाई काय?"

"माईत आहे म्हणूनच इचारून राह्यलो." त्याच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत. "एकवीस होऊ दे. मंग येजो."

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. उसनं मागायला आलेल्याला, वर्गणी मागायला आलेल्याला, मुलीचं स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यालासुद्धा आम्ही नाही म्हणत नाही. "पाहू, मंग येजा," म्हणतो आणि समोरचा काय ते समजतो, परत येत नाही. मीही त्याच सवयीने म्हणालो. समोरचा पोरगा मात्र अजून त्या रीतीत मुरला नव्हता.

तो अधूनमधून यायचा. घ्यायला नाही, असाच. पुलापलीकडे काही काम असलं की जाळीशी थांबायचा. "काका, अजून किती राह्यले?" "मोजत बस," मी म्हणायचो. तो हसायचा आणि जायचा. आमच्यात तो एक खेळच होऊन बसला. खरं सांगतो, मला तो आवडायचा. दिवसभर जाळीतून नुसते हात पाहणाऱ्या माणसाला एक ओळखीचा चेहरा यावा आणि त्याला आपण नाही म्हणावं, यात एक समाधान होतं. बायकोलाही मी कौतुकाने सांगायचो की शेजारचा पोरगा माझ्यामुळे सरळ आहे. ती म्हणायची, "तुमच्यामुळं?" आणि भाकरी थापत राहायची.

मग त्याचा वाढदिवस आला. मी विसरलो होतो.

सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. मालक गल्ल्याजवळच्या तसबिरीला अगरबत्ती ओवाळत होता. बोहनी व्हायची होती. एवढ्यात बाजूच्या दाराने, जिथून गिऱ्हाईक कधी येत नाही, तो सरळ आत आला. नवा शर्ट, कपाळावर कुंकवाचा टिळा, त्याला चिकटलेले तांदळाचे दोन-चार दाणे. आईने ओवाळून पाठवलं होतं. चपला त्याने बाहेरच काढल्या होत्या. वाकून माझ्या पायाला हात लावला आणि मग मालकाच्याही पाया पडला.

"वाढदिवस आहे काका आज. आई म्हणे, साऱ्या मोठ्यायच्या पाया पडून ये."

माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. "औक्षवंत हो," मी म्हणालो. मालकही काहीतरी पुटपुटला.

तो बाहेर गेला, चपला घातल्या, फिरून दुकानाच्या पुढच्या बाजूला आला आणि जाळीसमोर जिथे रांग लागते तिथे नीट उभा राहिला. मागे कोणी नव्हतं. त्याने खिशातून कार्ड काढून जाळीखालून माझ्याकडे सरकवलं. मोबाइलवरचा फोटो नाही, खरं कार्ड.

"आता द्या, काका."

मी कार्ड हातात घेतलं. त्यावर त्याचा शाळेतला फोटो होता, कान पुढे आलेले. जन्मतारीख वाचली, पुन्हा वाचली. इतकी वर्षं मी कार्डांत खोट शोधत आलो, त्या दिवशी ती सापडावी म्हणून जीव टाकला. खोट नव्हती. त्या दिवशीच त्याला एकवीस पूर्ण झाली होती.

"आज नको," मी म्हणालो. "वाढदिवसाच्या दिवशी काऊन? घरी जा, आईनं गोडधोड केलं असन."

"केलं ना. शिरा केला. खाऊन आलो." तो चिडला नव्हता. माझी अडचणच त्याला कळत नव्हती. "काका, तुमीच म्हणे ना, एकवीस झाले का येजो? गावात तं कोणीबी देते. माह्या दोस्तायनं कितींदा म्हटलं. मी नाई घेतली. म्हटलं, काकानं एकवीस सांगतलं तं एकवीस."

तो जाळीच्या जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "बाबा लपून पेत होते, काका. मले तसं नाई करायचं. कार्ड दाखवून घेतो."

त्या क्षणी मला रडू का आलं नाही कोण जाणे. राग मात्र आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. या पोराने माझा शब्द अक्षरन् अक्षर पाळला होता. घरोघर पिशव्या पोचत असताना तो माझ्या एका वाक्यावर थांबून राहिला होता, आणि आता ते वाक्य पूर्ण करून घ्यायला आला होता. त्याच्या हिशेबात बाप चुकला तो लपून प्यायला म्हणून. चारचौघांत, नियमाने, मोठ्यांचा आशीर्वाद घेऊन प्यायलं की झालं. असं त्याला कोणी शिकवलं? भिंतीवरच्या पाटीने आणि मी.

मागून मालक म्हणाला, "अहो, कागद बरोबर आहे ना? बोहनी अडवू नका."

मालकाकडे पाहून मी उठलो, असं म्हणता येईल. पण खरं म्हणजे माझ्याकडे नाही म्हणायला दुसरं काही उरलंच नव्हतं. त्याची आई माझ्याकडे काय मागून गेली, हे त्याला सांगायला हवं होतं. ते एवढं साधं वाक्य तोंडातून निघालं नाही. मी पुस्तकातून एका दिवसाच्या परवान्याचा कागद फाडला, त्यावर त्याचं नाव लिहिलं आणि फ्रिज उघडला.

"कोणती चांगली असते, काका?"

"मले काय माईत. मी पेत नाई."

यावर तो खळखळून हसला. मी त्यातल्या त्यात हलकी एक काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलो. "पेपर नोका लावू," तो म्हणाला, "लपवायचं काय त्यात?" तेव्हा मला आठवलं, याला तर पूल ओलांडून जायचं आहे, आणि पूल ओलांडला की हीच बाटली गुन्हा आहे. "इकडून तिकडं नेऊ नको," मी सांगितलं, "पोलीस धरतील. इकडंच नदीजवळ बस, सावली पाहून. आणि उन्हात गाडी हळू चालवजो." त्याच्या आईला मी काय शब्द दिला होता, आणि त्याला कुठे बसून पी हे सांगत होतं कोण, तर मीच! तो "हाव काका" म्हणाला, सुटे पैसे खिशात टाकले आणि गेला. मालकाने पहिली नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकली.

दिवसभर मी ज्याला त्याला कार्ड मागत राहिलो. पांढऱ्या मिशीवाल्यालाही मागितलं. तो म्हणाला, डोकं फिरलं काय. फिरलंच होतं.

संध्याकाळी उन्हं उतरत असताना घरी आलो. अंगणात बादली भरलेली होती, पण बायको बादलीपाशी नव्हती. ती भिंतीजवळ उभी होती आणि भिंतीपलीकडे ती बाई. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी शर्टही काढला नाही, तसाच भिंतीपाशी गेलो.

ती रडलेली नव्हती. ओरडेल अशी माझी तयारी होती, तेही नाही. तिच्या हातात झाकलेली वाटी होती, वाढदिवसाच्या शिऱ्याची. शेजारी द्यायची म्हणून ठेवली होती आणि काही झालं तरी द्यायचीच, अशा पद्धतीने तिने ती भिंतीवरून माझ्या हातात दिली.

"त्यानं सांगतलं मले," ती म्हणाली. "आल्या आल्या सांगतलं. काई लपवलं नाई. काकानंच देली म्हणे, अन् कुठं बसू ते बी सांगतलं."

"वहिनी, त्याले एकवीस पूर्ण झाले. कायद्यानं आता मले..."

"मी देऊ नका म्हटलं होतं, भाऊ. तुमी तं त्याले तारीख देली."

मी काय काय बोललो ते आठवून अजून अंगावर काटा येतो. हलकी दिली म्हणालो. बिअर सोडून दुसरी मागितली असती तर पंचवीसशिवाय दिली नसती म्हणालो. कार्ड नीट तपासलं, खरं होतं, म्हणालो. गावात तर कोणी विचारतही नाही, मी निदान विचारतो, असंही म्हणालो. ती सगळं ऐकत होती. शेवटी माझ्याजवळचं संपलं आणि मी तेच पुन्हा म्हणालो, "वय पाहूनच देली, वहिनी."

तिने पदर खांद्यावर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"त्याचे बाबा गेले तवा बेचाळीसचे होते, भाऊ. त्यायचं वय तं कधीचंच झालतं."